न झटकलेला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा. हल्ली तुमच्या घरी पीं पीं करणारे प्लॅस्टिकचे भाऊबंद आले, त्यामुळे तुम्ही मला ओळखणार नाही. म्हणून आधी माझी एक खोड सांगून ठेवतो. माझा पारा आपोआप चढतो, पण आपोआप उतरत नाही. तोंडातून बाहेर काढलं तरी तो जिथं पोचला तिथंच उभा राहतो. मला बोटांत घट्ट धरून चार-पाच झटके द्यावे लागतात, तेव्हा कुठे तो खाली येतो. ही खोड लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कारागिराने तापलेली काच ओढून माझी नळी केली आणि तळाशी मान बारीक आवळली. त्या आवळलेल्या मानेमुळेच पारा माघारी फिरत नाही. तिथून मी खोक्यात बसून दिल्लीला, पहाडगंजच्या एका घाऊक दुकानात आलो. एके दिवशी शामराव टेंभुर्णे नावाचे गृहस्थ दुकानात शिरले. मूळचे भंडाऱ्याचे, दिल्लीत एका मंत्रालयात नोकरीला. दुसरं गिऱ्हाईक असतं तर पहिला हाताला लागेल तो घेऊन गेलं असतं. पण हे शामराव! त्यांनी आम्हा तिघांना पाळीपाळीने स्वतःच्या काखेत धरलं. दोघांचा आकडा जुळला, तिसऱ्याचा नाही. जुळलेल्या दोघांतला एक मी. दुकानदार वैतागून म्हणाला, "भाईसाब, थर्मामीटर ले रहे हो या दामाद?" शामराव म्हणाले, "दामाद झूठ बोले तो चल जाता है." त्या दिवसापासून मी स्वतःला फार खरा समजू लागलो. आता हसू येतं मला त्याचं.

घरात त्यांची बायको रमाबाई होत्या आणि मुलगी क्रांती होती. क्रांतीचा गोवर मी मोजला, रमाबाईंचा मलेरिया मोजला. क्रांती पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची. नऊ वर्षांची असताना गणिताच्या पेपरच्या दिवशी तिने मला गुपचूप गरम पाण्याच्या पिशवीला टेकवलं आणि आईपुढे धरलं. एकशे सहा! रमाबाई किंचाळल्याच. शामरावांनी मात्र लेकीच्या कपाळाला हात लावला, मला धुतलं, झटकलं आणि पुन्हा तिच्या तोंडात ठेवलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. कार्टीला मार नाही मिळाला. तिला वहीत शंभर वेळा एकच वाक्य लिहायला लावलं, 'मी खोटी नोंद करणार नाही.' पेपरला उशीर झाला तो झालाच.

असा माझा रुबाब होता. पुढे कुणी आजारी पडेनासं झालं, मग डिजिटल आले, आणि माझी रवानगी शामरावांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत झाली. सरकारी क्वार्टर सुटलं, गाझियाबादला वसुंधरात वरच्या मजल्यावर फ्लॅट झाला, क्रांती वकील झाली. मी मात्र डबीतच. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू? मनात म्हणायचो, एकदा तरी या घरात कुणाला चांगला सणसणून ताप येऊ दे, म्हणजे आठवण होईल माझी.

जीभ झडो माझी.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी शामरावांच्या मानेत गाठी आल्या. लिम्फोमा निघाला, बी पेशींचा कॅन्सर. तुम्हाला सोपं करून सांगतो. आपल्या रक्तात आजाराशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातल्याच काही माजतात आणि वाढत सुटतात. म्हणजे कुंपणच शेत खातं. दोनदा किमो झाली. दोन्ही वेळा गाठी गेल्या आणि परत आल्या. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता नेहमीच्या औषधांत काही उरलं नाही, पण इथं एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे.

ट्रायल म्हणजे काय? नवं औषध सगळ्या जगाला देण्याआधी थोड्या माणसांना, त्यांची परवानगी घेऊन, देऊन बघतात. काय बरं झालं, काय बिघडलं, सगळं लिहून ठेवतात. त्या लिहिण्यावर पुढच्या हजारो माणसांचा जीव असतो. शामरावांना शेवटची जागा मिळाली. अठ्ठावीस पानांचं संमतिपत्र त्यांनी दोन दिवस वाचलं, त्यातल्या हिंदीच्या दोन चुका पेन्सिलने दुरुस्त केल्या आणि पानापानावर सही केली. ट्रायलचं काम बघणारी देविका नावाची मुलगी होती. तिने त्यांना एक डायरी दिली, एक डिजिटल थर्मामीटर दिला आणि फ्रिजवर चिकटवायला आपल्या नंबरचं कार्ड दिलं. "अंकल, दिन में तीन बार नापना है. सौ पॉइंट चार हुआ कि मुझे फोन. इस दवा में बुखार आता है, उसका इलाज हमारे पास रखा है. ट्रायल से कोई नहीं निकालेगा."

"बिल्कुल," शामराव म्हणाले. आणि घरी येऊन रमाबाईंना म्हणाले, "काढणार नाही, असं लिहावंच लागतं त्यांना. चौतीस वर्षं मीच लिहायचो असले कागद."

मित्रांनो, इथं माशी शिंकली. चौतीस वर्षं या माणसाने फायली हलवल्या होत्या. फाइलवर एक वाकडा शेरा पडला की फाइल थांबते, आणि थांबलेली फाइल मरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या खात्यातून दर महिन्याला वर अहवाल जायचा आणि त्यावर एकच शब्द असायचा, 'निरंक', म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. निरंक गेलं की कुणी काही विचारत नसे. त्यात इस्पितळाच्या बाकावर मेरठचा एक पेशंट भेटला होता. तो म्हणाला, मला ताप होता म्हणून घेतलंच नाही. त्याला घेतलं नाही ते औषध सुरू होण्याआधी, हे शामरावांनी ऐकलं. पण डोक्यात राहिलं ते एवढंच, की ताप म्हणजे बाहेर.

औषध पोटाच्या कातडीखाली टोचायचे. पहिला डोस लहान, दुसरा मोठा, तिसरा पूर्ण. दुसऱ्या डोसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शामरावांना थंडी वाजली. क्रांती कोर्टात गेली होती. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि किती वर्षांनी माझ्यावर उजेड पडला! मी खुळ्यासारखा आनंदलो.

"अहो, तो नवा आहे ना मोजायला?" रमाबाईंनी विचारलं.

"तो शेवटचे तीस आकडे पोटात ठेवतो. देविका तपासते. हा आपला घरचा आहे, हा कुणाला काही सांगत नाही."

मी शंभर पॉइंट आठ दाखवले. शामरावांनी मला झटकलं. मग ट्रायलचा थर्मामीटर उचलला, पुसला आणि रमाबाईंपुढे धरला. "आ कर."

"माझ्या तोंडात? मला कुठे ताप आहे?"

"म्हणूनच तर. काढून टाकतील मला, रमा. मग काय करायचं? मला जगायचंय अजून." चाळीस वर्षांत नवऱ्याने असं काही मागितलं नव्हतं. त्या बाईने तोंड उघडलं.

पीं पीं वाजलं. शामरावांनी आपल्या वळणदार अक्षरात डायरीत लिहिलं, ९८.४. तापाची गोळी घेतली, संध्याकाळपर्यंत ताप उतरला. रात्री क्रांतीने डायरीच्या पानाचा फोटो देविकाला पाठवला. देविकाने अंगठा पाठवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत शामराव दोन घास जास्त जेवले. पहिलं खोटं पचलं की दुसरं मागून येतंच.

तिसऱ्या, पूर्ण डोसाच्या वेळी त्यांना एक दिवस इस्पितळात ठेवलं. काही झालं नाही, घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकशे एक दाखवले. दुपारी एकशे दोन. गोळ्या घेतल्या तरी मी खाली येईना. डायरीत मात्र रमाबाई ठणठणीत होत्या: ९८.४, ९८.६, ९८.४.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रांती निघताना म्हणाली, "बाबा, चेहरा उतरलाय तुमचा."

"झोप नाही झाली गं. डायरी बघ ना, सगळं नॉर्मल आहे. तू जा, तारीख आहे तुझी."

ती डायरी बघून गेली. हात लावून बघितला नाही तिने. ज्याने शंभर वेळा ते वाक्य लिहायला लावलं, त्याच्या नोंदीवर कोण संशय घेईल?

दहा वाजता रमाबाईंनी मला त्यांच्या जिभेखाली ठेवलं. एकशे तीन पॉइंट आठ. तोंडातून काढून वाचलं आणि त्या फ्रिजकडे गेल्या. "मी फोन लावते आता."

"रमा, नको." शामराव पलंगाचा कठडा धरून उठले. "चार दिवस निघू दे. पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे. गाठी कमी दिसल्या की मग सांगू, मग नाही काढणार. तुला शपथ आहे माझी."

त्या फोन हातात घेऊन उभ्या राहिल्या. एक तास उभ्या राहिल्या, मित्रांनो. मी टेबलावर पडून बघत होतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण शपथ घातली होती. अकरा वाजता शामरावांना बोलता येईना. श्वास वर लागला, डोळे फिरले. मग अँब्युलन्स आली.

चौथ्या दिवशी ते गेले. इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये देविका डायरी उघडून उभी होती आणि पुन्हा पुन्हा तीच पानं उलटत होती. "इसमें तो सब नॉर्मल है. फिर इतना अचानक कैसे?" डॉक्टर क्रांतीला म्हणाले, "ताप चढायला लागला तेव्हाच आला असतात तर एक इंजेक्शन दिलं असतं. ते इथंच फ्रिजमध्ये होतं. बहुतेक जण दोन दिवसांत घरी जातात." आणि मग, काही तरी चांगलं सांगावं म्हणून, बिचारे म्हणाले, "औषध लागू पडत होतं. मानेतल्या गाठी अर्ध्यावर आल्या होत्या."

हे चांगलं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर रमाबाईंनी चष्म्याची डबी क्रांतीपुढे ठेवली. त्या धावपळीत मला कुणी झटकलं नव्हतं. माझा पारा एकशे तीन पॉइंट आठवर तसाच उभा होता. क्रांतीने मला उजेडात धरलं, मग फोनमधले डायरीच्या पानांचे फोटो उघडले.

"आई, मग हे डायरीतले आकडे कुणाचे?"

"माझे."

क्रांतीने मला डबीत ठेवून झाकण लावलं. त्यानंतर आठ महिने ती आईशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशी तिने देविकाला फोन करून खरं काय ते सांगितलं, म्हणजे निदान पुढच्यांच्या कागदात तरी खोटं राहू नये. आणि मी? रमाबाईंनी मला शामरावांच्या फोटोखाली ठेवलं. सकाळी वंदना झाली की त्या मला उचलायच्या, आकडा वाचायच्या आणि परत ठेवायच्या. एकदा क्रांती मला झटकायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे. माझी शिक्षा आहे ती."

मग मे महिना आला. दुपारची लाईट गेलेली, वर तापलेली गच्ची, खिडकीतून लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, आत येत होती. खोलीची भट्टी झाली. मित्रांनो, माझी खोड आठवते ना? माझा पारा आपोआप चढतो. मी काचेत तडफडत होतो, पण त्याला थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

रमाबाई घामाघूम होऊन झोपेतून उठल्या. सवयीने मला उचललं. एकशे पाच पॉइंट दोन. त्यांनी डोळे चोळले, पुन्हा वाचलं. मग तशाच अनवाणी फ्रिजकडे धावल्या. कार्ड अजून तिथंच होतं. त्यांनी नंबर दाबला.

"हॅलो, देविका मॅडम? टेंभुर्णे के घर से. बुखार बढ़ गया है इनका. एक सौ पाँच. आपने कहा था ना फोन करना? मैं कर रही हूँ. मैंने कर दिया फोन."

पलीकडे देविका ऐकत राहिली. तिने फोन ठेवला नाही. आतल्या खोलीतून क्रांती धावत आली आणि आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा आईला मिठी मारून रडली. पण मला झटकायचं दोघींनाही सुचलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा थर्मामीटर तुमच्या घरी असेल तर त्याला जपा, फुटू देऊ नका, त्याचा पारा विषारी असतो. पण त्याहून एक गोष्ट जपा. मी दाखवतो तो आकडा जसाच्या तसा सांगा, ज्याला सांगायचा त्याला, आणि सांगायचा तेव्हाच. मला हात नाहीत, तोंड नाही. मला फक्त चढता येतं. अजून एकशे पाच पॉइंट दोनवर उभा आहे मी, फोटोखाली. कुणीतरी या आणि मला झटका रे.