धुराड्यावरची ताडपत्री

सप्टेंबरातला पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. बेंबळीतल्या भीमाशंकरच्या माळवदावर धुराड्याला खापराचं झाकण होतं. ते माकडांनी पाडून फोडलं आणि तेव्हापासून पाण्याची धार थेट चुलीत पडायची. गॅसची टाकी संपलेली, गावाबाहेरचा पूल पाण्याखाली. द्वारकाबाई ओल्या सरपणाशी झटायची, फुंकून फुंकून खोकायची. दमा जुनाच होता, त्यात आता ताप भरला होता.

तिला कुडकुडताना बघून भीमाशंकर शिडी लावून वर गेला. सोयाबीन झाकायची ताडपत्री आता कशाला लागणार होती? रानाचं तळं झालं होतं. त्यानं ती धुराड्यावर टाकली.

"अवो, एका अंगानं उघडं ठेवा," ती खालून म्हणाली. "धूर कुठनं जाईल?"

त्यानं फट ठेवली. पण तिथूनच पावसाचा सपकारा आत आला आणि नुकती धरलेली चूल विझली. भीमाशंकर चिडला. पुन्हा वर चढून त्यानं ताडपत्री सुतळीनं गच्च आवळली आणि कडेनं दगड ठेवले.

"आज चूल नकोच," तो म्हणाला. शेजारच्या सिताबाईनं भाकरी दिल्या. गारठ्याचं काय करावं? त्यानं घमेल्यात कोळसे पेटवले, धूर सरेपर्यंत ओसरीत ठेवले आणि फुललेले निखारे चुलीशेजारी तिच्या अंथरुणाजवळ आणले. झड येऊ नये म्हणून खिडकीही लावून घेतली.

"बरं वाटतंय?"

"व्हय. ऊब आली. जरा पडते."

तेवढ्यात पुतण्या बंडप्पा हाका मारत आला. गोठ्याची भिंत खचली होती. भीमाशंकरनं दार ओढून घेतलं नि त्याच्यामागं धावला. दोघांनी म्हशी चिखलातून काढून देवळाच्या मंडपात बांधल्या. त्यातच दुपार कलली.

परत आला तर घरात ना धूर, ना वास. द्वारकाबाई कुशीवर निजली होती. गाल लालसर दिसले. त्याला वाटलं, ताप असेल. हाक मारली. खांदा हलवला. डोळ्यावर पाणी मारलं, तळवे घासले. त्याचंच डोकं गरगरायला लागलं, तेव्हा तो धडपडत बाहेर आला आणि ओरडला.

बंडप्पानं ताडपत्री ओरबाडून काढली. आता काय उपयोग?

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं तिला बसवून माती द्यायची होती. खड्डा खणावा तर पाणी भरायचं. माणसं बादल्यांनी उपसायची, पुन्हा भरायचं. शेवटी गढूळ पाण्यातच तिला बसवलं.

"म्या कोंडून मारली तिला," भीमाशंकर म्हणत होता. "म्या बांधलं ते."

"असं बोलू न्हाय," सिताबाई म्हणाली. "दम्यानंच गेली ती. लई वर्साचा होता."

सगळ्यांनी तेच धरलं.

पूल मोकळा झाल्यावर लातूरहून लेक आली, श्रीदेवी. त्यानं तिला सगळं सांगितलं. सुतळी, निखारे, खिडकी, ओढून घेतलेलं दार. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. पदरानं तोंड पुसलं.

"दमा होता आईला, अप्पा."

"श्रीदेवी, अगं, आईनं सांगितलं होतं मला. फट ठेवा म्हणली होती."

"दमाच होता," ती म्हणाली आणि उठून आत गेली. निघताना पाया पडली, पण मान वर केली नाही.

भीमाशंकर आता बंडप्पाकडंच राहतो. कुणी दोन शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर त्याला सोसलं असतं. पण घरात सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलतात. "काका, जेवा," म्हणून ताट पुढं सरकवतात, आणि तो जेवतो.