मागची फाइल

धवलला एक गोष्ट छान जमायची. स्वतःला न येणारी गोष्टही तो अशा थाटात सांगायचा की समोरच्याला आपलीच अक्कल कमी वाटावी. चिखलीतल्या चार खुर्च्यांच्या त्या ऑफिसात हा गुण खपून जाई. कंपनी पुण्याची, धवल इथला मोठा, आणि त्याच्या हाताखाली सुचिता. पिंपळगाव राजाची, शेतकऱ्याची मुलगी. सहा महिन्यांची उमेदवारी संपायला तिला तेरा दिवस उरले होते.

काम होतं एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेचं. शेतकरी बियाण्याचा नमुना घेऊन येतो, खिडकीवरचा कारकून संगणकावर फॉर्म भरतो, आणि त्या फॉर्ममागे या दोघांनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालते. आता फॉर्मवर कोणते रकाने आहेत, कुठे आकडा येतो, कुठे अक्षरं, हे डोक्यात कोण ठेवणार? त्यासाठी एक कमांड होती. संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ती टाइप केली की ती सर्व्हरवर जाऊन आजचा फॉर्म वाचायची आणि सगळ्या रकान्यांच्या टाइप डेफिनिशनची, म्हणजे नावं आणि प्रकारांच्या यादीची, फाइल स्वतःच लिहून द्यायची. फॉर्मवर नसलेला रकाना स्क्रिप्टमध्ये वापरला असेल, तर त्याखाली लाल रेघ उमटायची. दर सोमवारी कमांड चालवायची, लाल नसेल तरच काम पुढे पाठवायचं, असा रिवाज होता. सुचिता तो देवपूजेसारखा पाळायची.

त्या सोमवारी लाल रेघ आली. प्रयोगशाळेनं शुक्रवारीच फॉर्मवरून ‘वाणाचं नाव’ हा रकाना काढून टाकला होता, आणि स्क्रिप्ट अजून तोच शोधत होती. सुचितानं धवलला दाखवलं. धवलला मेहकरला चुलतभावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं, जीप खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. त्यानं पडद्याकडे पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं.

“हे टूल कधी कधी येड्यासारखं करते. मागची फाइल परत ठेवून दे, लाल जाईन, अन् पाठवून दे.”

ती क्षणभर घुटमळली, पण सर म्हणाले म्हणजे झालं. तिनं मागच्या आठवड्याची, तो रकाना अजून असलेली, फाइल परत ठेवली. रेघ गेली. जाणारच. आरशावर फडकं टाकलं की तोंडावरचा डाग दिसत नाहीच.

मंगळवारी प्रयोगशाळेत फॉर्म उघडला की काढून टाकलेल्या रकान्याला अडखळून स्क्रिप्ट पडायची आणि काही केल्या फॉर्म जतन होईना. दुपारपर्यंत माणसं बियाण्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसून राहिली. संध्याकाळी पुण्याहून धवलच्या वरिष्ठ रेवती मॅडमनी मीटिंग लावली. कोणी काय बदललं याची सगळी नोंद असते, आणि त्या नोंदीत नाव सुचिताचं होतं.

“जुनी फाइल परत कोणी ठेवली?” मॅडमनी विचारलं.

सुचितानं एकदाच धवलकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या पाहण्यात, नुसतं वाट बघणं होतं. धवल पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

“मी ठेवली, मॅडम. माझी समजूत चुकली,” सुचिता म्हणाली.

धवल एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. घसा साफ करून तो म्हणाला, “मी तिला पुन्हा नीट शिकवतो, मॅडम.” स्वतःचाच आवाज ऐकून त्याचे कान तापले. मॅडम म्हणाल्या, की सध्या तिला कायम करण्याचं पत्र थांबवू, महिनाअखेरीला बघू. महिनाअखेरीला बघू म्हणजे काय, हे सगळ्यांनाच कळलं.

तीन दिवस धवलला जेवण गोड लागलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत तो सुचिताची नजर चुकवत राहिला. ती मात्र पूर्वीसारखीच ‘सर’ म्हणत होती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

शुक्रवारी अकराच्या एसटीनं तिचे वडील आले. किसनराव. सुचिता शेजारच्या दुकानात झेरॉक्स आणायला गेली होती. हातातली तुरीच्या शेंगांची पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवून ते उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“साहेब, पोरीच्यानं चुकी झाली. तिनं घरी सांगतलं, सरायनं बराबर शिकवलं होतं, माह्याच ध्यानात नाही राह्यलं. लहान हाये. या बारीनं सांभाळून घ्या.”

आणि त्या साठीच्या माणसानं तिशीतल्या धवलपुढे हात जोडले.

धवलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे पोरीनं घरीसुद्धा त्याचं नाव झाकलं होतं. मोठ्या माणसाचं नाव मध्ये ओढायचं नाही, हे तिला ज्यानं शिकवलं तोच समोर हात जोडून उभा होता. धवलनं ते हात धरून खाली केले.

“काका, तिची चुकी नाही. तिनं मले विचारलं होतं. फाइल ठेवायले मीच सांगतलं.”

किसनराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“मंग पुण्याच्या मॅडमले सांगा ना,” ते शांतपणे म्हणाले. “मले सांगून काय फायदा?”

धवलनं त्यांच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं, साक्षगंधाच्या जीपसकट. पलीकडून मॅडम म्हणाल्या, “तिचं पत्र आज निघेल. तुझ्याशी सोमवारी बोलते.” किसनरावांनी मान हलवली आणि ते निघाले. धवलनं पिशवी उचलून त्यांच्या हातात देऊ केली. आणलेली वस्तू परत नेत नाहीत, एवढंच किसनराव म्हणाले आणि जिना उतरले.

सोमवारी मॅडम जे बोलल्या ते धवलनं मान खाली घालून ऐकलं. ते सोपं होतं. त्यानंतर सुचितानं काळ्या खिडकीत कमांड चालवली. एका रकान्याखाली लाल रेघ आली. धवलनं या वेळी खुर्ची ओढून, फॉर्म उघडून, खरोखर तपासलं आणि काय बदलायचं ते समजावून सांगितलं. बरोबरच सांगितलं.

सुचितानं ऐकून घेतलं. कीबोर्डवर ठेवलेले हात तिनं परत मांडीवर घेतले.

“सर,” ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, “हे मेलवर लिहून देता का?”

धवल उठून आपल्या खुर्चीवर गेला आणि लिहू लागला.