कॉन्चेर्तोची नवी आवृत्ती

संगीतकार हाल्श्का विर्वा यांच्या नावावर त्रेचाळीस रचना आहेत. त्यांतल्या अडतीस एकदाच वाजल्या. आमच्याकडे अनुदान मिळतं ते नव्या रचनेच्या पहिल्या प्रयोगाला. त्या दिवशी फुलं, भाषणं, खसखशीचा केक. दुसऱ्या दिवशी स्वरलिपी कपाटात.

चौसष्टाव्या वर्षी बाईंना एकच गोष्ट हवी होती. बावीस वर्षांपूर्वी एकट्या चेलोला पुढे ठेवून वाद्यवृंदासाठी लिहिलेला कॉन्चेर्तो पुन्हा ऐकायचा होता, आणि तोही तेओदोर हायदुगाच्या हातून. तेव्हा त्यानंच तो वाजवला होता. येत्या जूनमध्ये तो वाद्यवृंदातून निवृत्त होणार होता.

"बसवतो की कार्यक्रमात, प्रोफेसरबाई," वाद्यवृंदाचा संचालक गोमोवा म्हणाला. "फक्त कागदावर पहिला प्रयोग दिसला पाहिजे. दोन-चार ओळी बदला आणि 'नवी आवृत्ती' म्हणा. सगळेच करतात."

"तेच तर ऐकवत नाही."

"ऐकायला येतंय कोण? चहा घ्या, निवतोय."

बाईंनी तेओदोरला फोन केला.

"एक सूर हलवायचा नाही," तो म्हणाला. "गोमोवाला नवीनच हवं असेल तर म्हणावं, सभागृहाचे पडदे शिवून घे."

"बोटं कशी आहेत तुझी?"

"बोटांना काय धाड भरलीय?"

पण बाईंनी मार्चच्या मैफलीत दुसऱ्या रांगेतून पाहिलं होतं. द्रुत भागात तेओदोर नुसता गज फिरवत होता. शेजारचे दोघं त्याचं झाकून नेत होते.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वरलिपी टेबलावर उघडली. कंटाळा इतका होता की पेन्सिलीला टोक करायलाही दहा मिनिटं गेली. तिसऱ्या भागात चेलोची एक लांबलचक धावती जागा होती. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी वाखाणलेली तेवढीच. ती त्यांनी तेओदोरच्या तेव्हाच्या हातांसाठी लिहिली होती. त्या दोन पानांवर त्यांनी आडवी रेघ मारली, धाव क्लॅरिनेटला दिली आणि चेलोला खुल्या तारेवरचा एकच लांब सूर ठेवला. त्याला बोट लागत नाही. मग मुखपृष्ठावर 'नवी आवृत्ती' लिहिलं आणि पाकीट पोस्टात टाकलं.

पाच दिवसांनी तेओदोरचा फोन आला.

"तिसऱ्या भागातली दोन पानं कुठायत?"

"काढली. त्याशिवाय अनुदान नाही."

"आणि गोमोवानं नेमकी तीच निवडली?"

"मी निवडली."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणे अनुदान! खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही, हाल्श्का."

"नाही जमलं."

"हा खुला सूर किती लांबवायचा?"

"तुला हवा तेवढा."

"बरं. तालमी सकाळीच ठेवायला सांग. दुपारनंतर हात आखडतो माझा."