बिनस्क्रूचं कॅबिनेट

सकाळपासून तिसरी क्लिप जगदेवीच्या हातात मोडली. जांभळ्या प्लॅस्टिकचा तो तुकडा तिनं टेबलावर न ठेवता सरळ कचऱ्याच्या डब्यात भिरकावला.

"अक्का, जोर लावू नका की," शेजारच्या टेबलावरून रूपा म्हणाली. "नुसतं सरकवायचं, मग दाबायचं. हे बघा."

जगदेवीनं मान वळवेपर्यंत रूपाची हार्डडिस्क बसलीसुद्धा. रूपाला शेडमध्ये येऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि जगदेवीला नऊ वर्षं झाली होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बीदरबाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत गुरुशांतप्पांची, म्हणजे सगळ्यांच्या अप्पांची, पत्र्याची शेड होती. तिथं दहा-बारा बाया कॉम्प्युटर जोडायच्या. कुणी पंखा बसवायची, कुणी वायरी लावायची, आणि हार्डडिस्क जगदेवीची. डिस्क म्हणजे ज्यात सगळं साठवतात ती चपटी, जड डबी. ती कॅबिनेटमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीतल्या, पिंजऱ्यात सरकवायची आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन असे चार स्क्रू आवळायचे. ऐकायला सोपं आहे. पण सैल राहिला तर डिस्क हलते आणि जास्त पिळला तर आटे जातात, मग ती डिस्क कुणाच्या कामाची राहत नाही. मधे एकदा अप्पांनी विजेवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर हौसेनं आणला होता. त्यानं आठवड्यात सात डिस्कचे आटे घालवले. अप्पा त्या यंत्राला मनसोक्त शिव्या देऊन पुन्हा जगदेवीच्या टेबलाशी आले. सातवी नापास बाई, पण 'किती पिळायचं' हे विचारायला डिप्लोमावाले तिच्याकडे यायचे. त्या टेबलाशी तिला मान होता. दुसरीकडे कुठं तिला तो मिळाला नव्हता, हेही खरं.

आता शाळांना कॉम्प्युटर द्यायची मोठी ऑर्डर आली होती आणि तिच्यासोबत ही नवी कॅबिनेटं. गुलबर्ग्याहून डिप्लोमा करून आलेला वीरेश सहा महिन्यांपासून सुपरवायझर होता. त्यानं खोक्यातला कागद आधी कन्नडमध्ये वाचला, मग मराठीत सांगितला, "स्क्रू ड्रायव्हर नको, स्क्रू नको. डिस्क सरकवा, क्लिप दाबा, झालं." बायांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून जगदेवीनंही वाजवल्या, आणि नंतर स्वतःवरच चिडली.

चौथी क्लिप नीट बसली. तिनं डिस्कला बोट लावून बघितलं आणि वीरेशला हाक मारली.

"वीरेशअण्णा, ही हलायलीय."

"थोडी हलणारच, अक्का. कंपनीनं विचार करूनच केलंय की."

"कंपनीनं कमलनगरच्या पुढचा खड्ड्यांचा रस्ता बघितलाय का?"

तो हसला. पोरगा वाईट नव्हता, फक्त कागदावर त्याचा फार विश्वास. "टेबलावर ठेवल्यावर कोण हलवायलंय त्याला? नुसतं चालू करायचं नि बंद करायचं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तिला राग त्याचाच होता. टेबलावर बसून राहणाऱ्या कॉम्प्युटरला ती क्लिप पुरेशी होती. पण टेबलापर्यंत तो आधी पोचायला तर हवा!

पोचवणारा तिचाच नवरा होता. सिद्धाप्पाची जीप कमलनगरहून आसपासच्या गावांना जायची आणि शाळांचा माल पोचवायचं काम अप्पांनी त्यालाच दिलं होतं. संध्याकाळी तो जेवायला बसल्यावर तिनं विचारलं, "खोकी उभी ठेवणार का आडवी?"

"आडवी. उभी ठेवली तर वर माणसं कशी बसतील?"

"खोक्यावर माणसं बसणार?"

"मग कुठं बसतील? माज्या डोक्यावर? रोजचे पाशिंजर हायत. खोकी हायत म्हणून वाटंत सोडून दिलं तर उद्या जीपमंदी कोण येईल?"

"आन् खड्डे?"

"खड्डे काय मी खांदलेत?" सिद्धाप्पा भाकरी मोडत म्हणाला. "तू कामून एवढं डोकं खायलीस? अप्पांचा माल हाय, अप्पा बघतील."

अप्पा बघणार नाहीत हे जगदेवीला ठाऊक होतं. माल दाराबाहेर पडला की अप्पांचं बघणं संपायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या कॅबिनेटांचे उरलेले स्क्रू भरलेला पत्र्याचा डबा कपाटातून काढला. पिंजऱ्याची एक बाजू क्लिपनं झाकली जात होती, पण पलीकडच्या भिंतीला अजून भोकं होती. करणाऱ्यानं ती का ठेवली होती कोण जाणे. ती कागदात सांगितल्याप्रमाणे आधी क्लिप बसवायची, मग कॅबिनेट फिरवून त्या बाजूचा पत्रा काढायची आणि दोन स्क्रू आवळायची. मग बोट लावायची. डिस्क जागची हलत नसे. तेवढ्यानं तिच्या जिवाला बरं वाटायचं.

फक्त वेळ दुप्पट जायचा. वीरेश दुपारी फळ्यावर आकडे लिहायचा. दुसरं टेबल, रूपा, बारा. पहिलं टेबल, जगदेवी, सात. नऊ वर्षांत तिचा आकडा असा खाली कधी आला नव्हता. जाता-येता कुणी म्हणे, "अक्का, चष्मा लावा आता," आणि बाया तोंडाला पदर लावून हसत. ती जेवणाची सुट्टी अर्ध्यावर सोडून उठायची आणि संध्याकाळपर्यंत रूपाचा आकडा कसाबसा गाठायची. चरफडायची सगळ्यांवर, वीरेशवर, अप्पांवर, त्या जांभळ्या प्लॅस्टिकवर, आणि हे कुणी सांगितलं नसताना करते म्हणून स्वतःवरही.

रूपानं एकदा बघितलं. "अक्का, कागदात न्हाई ते."

"कागदाला जीपमंदी बसायचं नसतं," जगदेवी म्हणाली.

साठ कॉम्प्युटर गेले, तीस तिच्या टेबलावरचे आणि तीस रूपाच्या. प्रत्येकावर टेबलाच्या आकड्याचं लेबल होतं.

दोन महिन्यांनी अप्पांनी तिला आणि रूपाला केबिनमध्ये बोलावलं. वीरेश आधीच उभा होता, हातात शाळांचा अहवाल घेऊन.

"वाच," अप्पा म्हणाले.

वीरेशनं वाचलं. अकरा कॉम्प्युटर वाटेत बिघडले होते. डिस्क निसटल्या होत्या. पण दुरुस्तीवाला गेला, क्लिप उघडली, डिस्क बसवली, दाबली. दोन मिनिटांत काम. हेडमास्तर खूश. 'हत्याराशिवाय झटपट दुरुस्ती, उत्तम सोय,' असं एकानं खाली लिहिलंही होतं.

"आता दुसरं वाच."

राजेश्वरजवळच्या एका शाळेत विजेच्या दणक्यानं एक डिस्क जळाली होती. दुरुस्तीवाल्यानं क्लिप उघडली तरी ती निघेना. त्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर नव्हता, कारण लागणार नाही असं त्याला सांगितलं होतं. तो तसाच परत आला. पुन्हा जायला आठ दिवस गेले. हेडमास्तरांनी वर तक्रार केली. लेबलावर आकडा होता एक.

"स्क्रू कुणी लावले?" अप्पांनी विचारलं.

"मी," जगदेवी म्हणाली. "तीसच्या तीसांना लावलेत."

अप्पा खुर्चीत मागं रेलले. असं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं.

"अप्पा, ती यादी मला दावा," जगदेवी म्हणाली. अकरा आकड्यांवरून तिनं सावकाश बोट फिरवलं. तिचा आवाज चढला. "हे बघा की! अकराच्या अकरा दुसऱ्या टेबलावरचे. माज्या टेबलावरचा वाटंत एक बी बिघडला न्हाई. एक बी न्हाई, अप्पा!"

"म्हणजे रूपाचं काम वाईट म्हणायलीस का?"

जगदेवीनं रूपाकडे बघितलं. रूपाचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या बापाचं उसाच्या गाडीवरून पडून कंबरडं मोडलं होतं आणि घरात कमावणारी ती एकटी होती, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

"न्हाई," जगदेवी म्हणाली. "तिनं कागदात हाय तसंच केलंय."

"मग तू कागदात न्हाई ते कामून केलीस?"

याला काय सांगणार? जे बिघडलंच नाही, ते कुणाला कसं दाखवायचं? मोडलेलं दोन मिनिटांत जोडणाऱ्याचं नाव अहवालात आलं होतं. मोडू न देणाऱ्याला त्यात रकाना नव्हता. एक शब्द जास्त बोलली असती तर तो रूपाच्याच डोक्यावर पडला असता.

"उद्यापासून पॅकिंगला, थर्मोकोलच्या टेबलाला बस," अप्पा म्हणाले. "हार्डडिस्क रूपा एकटी बघंल. आन् गोदामात तुझ्या टेबलावरचे बारा नग हायत. त्यांचे स्क्रू आजच काढून टाका. परवा जीप जाणार हाय."

बाहेर आल्यावर रूपानं तिचा हात धरला. जगदेवीनं तो हलकेच सोडवला आणि ती गोदामाकडे निघाली.

गोदामात वीरेशनं पहिलं कॅबिनेट स्वतःच उघडलं. अक्काला तिचंच काम उसवायला लावायचं त्याला जड जात असावं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला, पिळला, तो सटकला आणि स्क्रूचं डोकं खरवडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"एवढं घट्ट केलात, अक्का?"

"घट्ट न्हाई. पुरतं केलंय," ती म्हणाली. "सरा बाजूला."

तिनं आधी अंगठ्यानं दाबलं, मग फिरवलं. खरवडलेला स्क्रूसुद्धा निमूट बाहेर आला. मग दुसरा. मग पुढचं कॅबिनेट. चोवीस स्क्रू तिनं काढले. एकाचाही आटा गेला नाही.

शेवटच्या कॅबिनेटमध्ये वीरेशनं सहज डिस्कला बोट लावलं. डिस्क हलली. त्यानं पुन्हा लावलं. ती पुन्हा हलली. त्यानं वर बघितलं तेव्हा जगदेवी त्याच्याकडेच बघत होती.

ती थांबली. आता तरी हा काही बोलेल, अप्पांकडे जाईल, निदान 'अक्का, तुमचं बरोबर होतं' एवढं तरी म्हणेल, असं तिला वाटलं. तिला तेवढंच हवं होतं.

"बरं हाय," वीरेश खाली बघत म्हणाला आणि त्यानं कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उचलून लावायला घेतला. पत्र्याला मागं मोठ्या डोक्याचे दोन स्क्रू होते, बोटांनी फिरवायचे. पहिलाच तिरका गेला. त्यानं काढला, पुन्हा लावला, पुन्हा तिरका.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "एवढं तुम्हीच लावून द्या. माझ्याकडनं वाकडं बसायलंय."

जगदेवीनं पत्रा हातात घेतला, कडेला कड जुळवली आणि दोन्ही स्क्रू बोटांनी सरळ बसवले. मग उरलेल्या अकरा कॅबिनेटांचेही पत्रे तिनं एकेक करून लावले. त्यानं सांगितलं नव्हतं, पण उघडी ठेवून जायला तिला बरं वाटेना. सगळी झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि थर्मोकोलच्या टेबलाला कुठं बसायचं ते विचारायला गेली.