बिघडलेली पेटी

निरवांगी गावातल्या घराच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून श्रेया दोन महिने उत्तर ध्रुवाचा गोठलेला समुद्र तपासत होती. गावाला त्याचं भारी कौतुक. डाळिंबाला पाणी सोडून परतणारे लोक विचारायचे, काय श्रेयाताई, बर्फ वितळला का न्हाय? ती हसून वेळ मारून न्यायची.

काम तसं सरळ होतं. जिथं माणूस जात नाही तिथलं हवामान संगणक अंदाजानं भरून काढतो आणि तासातासाचा नकाशा तयार करतो. हा नकाशा खरा की खोटा हे ताडून बघायला बर्फावर तापमान मोजणाऱ्या पेट्या ठेवलेल्या असतात. पेटी मोजते आणि उपग्रहाला कळवते. श्रेयानं अशा बावीस पेट्या तपासल्या, आणि बावीसही नकाशाशी तंतोतंत जुळल्या. पुण्याच्या राजेश्वरी मॅडम, म्हणजे तिच्या वरिष्ठ, खूश झाल्या. सोमवारी अहवाल जाणार होता. त्यावर श्रेयाचं नाव पहिलं होतं आणि तिची पुढची नोकरी त्यावरच ठरणार होती.

शुक्रवारी तिला कळलं की त्या बावीस पेट्यांचे आकडे नकाशा करतानाच त्यात घातलेले होते. मग जुळणार नाहीत तर काय करतील? आपणच पेपर फोडायचा आणि पैकीच्या पैकी पडले म्हणून पेढे वाटायचे. तेविसावी एक पेटी होती. तिचं कळवायचं यंत्र बंद पडल्यामुळं तिचे आकडे नकाशात गेलेच नव्हते. वर्षभरानं एका जहाजानं ती उचलून आणली. तिच्यात साठलेल्या आकड्यांशी ताडलं तर नकाशा सहा अंशांनी जास्त उबदार निघाला.

श्रेयानं फोन केला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ती पेटी बिघडलेली होती. काढून टाक."

कळवायचं यंत्र बिघडलं होतं, मोजायचं नव्हे, हे श्रेयानं तीनदा सांगितलं. मॅडमना ते आधीपासून ठाऊक होतं हे तिसऱ्या वेळी तिच्या ध्यानात आलं. तिला शिसारी आली. फोन ठेवून तिनं खरंच हात धुतले.

हे सांगायचं तर एकाच माणसाला. तिचे आजोबा भीमाआबा एकतीस वर्षं गावचा पाऊस मोजत होते. शाळेमागं पर्जन्यमापक होता, आणि सकाळी साडेआठला आबा तिथं असायचेच. श्रेयाचं बारामतीचं कॉलेज, पुण्याचं संशोधन हे सगळं नंतरचं. सहा वर्षांच्या श्रेयाला मोजपात्र डोळ्यांसमोर धरायला शिकवताना आबा म्हणाले होते, दिसंल तेच लिवायचं. त्या एका वाक्यावर ती इथवर आली होती.

शनिवारी साडेआठला आबा बाजेवर बसले होते. मांडीवर पावसाची वही, हातात मोबाइल. मोबाइलवर दिसणारा गावच्या पावसाचा आकडा बघून त्यांनी वहीत ४.२ मिलिमीटर लिहिलं. अंगणात तर चार दिवस धूळ उडत होती.

श्रेया शाळेमागं गेली. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, तेही जुनं, वाळलेलं. थेंब आत जायला वाट नव्हती. आणि आबांच्या वहीतला आकडा तालुक्याला, इंदापूरला जायचा, तिथून वर हवामान खात्याकडं, आणि फिरून कुठल्यातरी मोबाइलवर यायचा. घरोघरी मातीच्या चुली असतात हे तिला माहीत होतं, पण ही चूल तिनं पुजली होती.

परत आल्यावर तिला आबांच्या तोंडाकडं बघवेना.

"कवापासनं, आबा?"

"गुडघं गेलं तवापासनं. दोन वरसं झाली."

"मग मोकळं सोडायचं."

"मोकळा रकाना दिसला की वरनं फोन येतो, बाई. आकडा दिसला की कुणी इचारत न्हाय."

मॅडमही हेच बोलल्या असत्या, फक्त शुद्ध बोलल्या असत्या.

श्रेयानं लॅपटॉप उघडला. बावीस पेट्या काढून टाकल्या, एक ठेवली, आणि अहवाल पाठवून दिला, एक प्रत मॅडमनाही. सोमवारची वाट बघितली नाही. पाच मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं, नोकरीसाठी तुझ्या नावाचा आता विचार करता येणार नाही. तिनं ते आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि का ते सांगितलं.

आबांनी ४.२ वर रेघ मारली आणि पान मागं उलटलं.

"कुठवर खोडू गं?"

"गुडघं गेलं त्या दिवसापतुर."

ती मदतीला उठली नाही. वही जाड होती. आबा पेन धरून एकेक पान मागं जात राहिले.