विल्फचा राहिलेला गोल

वॉटल क्रीकच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघात विल्फ कडमोर बारा वर्षं शेवटचा बचावपटू होता आणि बारा वर्षांत त्याच्या नावावर एक गोल नव्हता. येईल तो चेंडू मुठीने हाणून परतवायचा, एवढंच त्याचं काम. आता सोमवारी त्याला न्यू गिनीच्या लढाईवर नेणारी बोट होती. कुंपण रंगवून झालं, लाकडं फोडून झाली. या शेवटच्या शनिवारी एक गोल मारला, की मागे काही उरलं नाही म्हणत बोटीत चढायचं, असा त्याचा बेत होता. तो ऐकून बायको मर्टलने दोन दिवस अबोला धरला.

"आज मला पुढे खेळव," तो प्रशिक्षक हॅनिफनला म्हणाला.

"तुला? पुढचे खांब कधी जवळून बघितलेस का रे? गप मागे उभा राहा!"

विल्फ मागे राहिला. शेवटची दोन मिनिटं उरली, गुण बरोबरीत. त्याने समोरच्या संघाचा आघाडीचा खेळाडू रेज ट्रेम्बाथ याला हळूच सांगितलं, "रेज, नाडी सुटलीय तुझी." ट्रेम्बाथ वाकला आणि विल्फ पुढे सुसाट सुटला. हॅनिफनने टोपी जमिनीवर आपटली आणि विल्फच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात चेंडू उंच उडाला आणि नेमका विल्फच्या डोक्यावर उतरू लागला. आसपास चिटपाखरू नाही, समोर उंच खांब.

"झेल बाबा! झेल आणि लाथ मार!" अख्खं मैदान ओरडलं.

बारा वर्षांची सवय ती. मूठ आपोआप वर गेली आणि चेंडू खांबांमधून पार झाला. पांढऱ्या कोटातल्या पंचाने एकच बोट वर केलं. लाथेने गेला असता तर गोल आणि सहा गुण, मुठीने गेला म्हणून एक. घंटा झाली. वॉटल क्रीक एका गुणाने जिंकलं!

लोकांनी विल्फला खांद्यावर घेतलं. हॅनिफनने तर त्याच्या टकलाचा मुका घेतला. विल्फचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

"बारा वर्षं माझे चेंडू हाणलेस," ट्रेम्बाथ म्हणाला, "आज स्वतःचाच हाणलास की रे, गाढवा!"

मैदानाच्या कुंपणापाशी मर्टल पोट धरून हसत होती. विल्फ चिडला.

"हसतेस काय? राहिला ना गोल!"

"राहिला ना?" तिने त्याचा घामेजलेला सदरा मुठीत घट्ट धरला. ती हसत होती, पण डोळे वाहायला लागले होते. "मग आता परत यायचं आणि मारायचा. कळलं?"