समितीच्या टोपलीतली भाकरी

टोपली मध्ये होती आणि हात कुणाचाच पुढे येत नव्हता. नूरमोहम्मदच्या सायकल-दुकानात आढ्याला टांगलेल्या चाकांच्या आऱ्यांतून फाल्गुनातले ऊन उतरत होते, आणि खाली बसलेल्या तिघांवर एकच विसविशीत जाळे पसरत होते. दाराशी यशोदाबाई उभी होती. टोपली तिनेच आणली होती.

सत्तावन्न सालची निवडणूक तोंडावर आली होती. मुंबईसह महाराष्ट्रासाठी कालपरवापर्यंत एकमेकांच्या सभा उधळणारे पक्ष एका समितीत आले होते, आणि चिंचवडमधले तिचे कार्यालय म्हणजे हे दुकान. काळेवाडीच्या घराघरांतून निघालेल्या भाकऱ्या एकाच टोपलीत यायच्या. कुणी कुणाच्या हातचे खाल्ले, हे विचारायचे नाही असा दंडक होता. बाकीचे कार्यकर्ते भोसरीच्या सभेला गेले होते. मागे उरले दत्तोबा, ज्योतीराम आणि दुकानाचा मालक.

दत्तोबा यशोदाबाईचा नवरा, शेतकरी कामगार पक्षाचा. ज्योतीराम तिचा धाकटा भाऊ, पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातला समाजवादी. बावन्नच्या निवडणुकीत ज्योतीरामने भर चावडीवर "आमचे दाजी मॉस्कोचे जावई" असे म्हटले होते. त्या संध्याकाळी दत्तोबाने त्याला उंबरा बंद केला, आणि त्याने त्या घरच्या पाण्यालाही शिवणार नाही अशी शपथ घेतली. तेव्हापासून यशोदाबाईची भाऊबीज चंद्राला ओवाळून होत होती.

आता दोघे एका व्यासपीठावर बसत. बोलत मात्र एका शब्दाच्या आडून.

"समितीनं सुरुवात करावी," दत्तोबा चाकांकडे पाहत म्हणाला. पाहुण्याआधी घास घ्यायचा नाही, ही त्याची जन्माची सवय. समोर बसलेला पाहुणा आहे, हे मात्र त्याला कबूल करायचे नव्हते.

"समितीला घाई नाही," ज्योतीराम म्हणाला.

"समितीचा उपास हाय का?"

"समितीत ज्याचं त्यानं बघावं."

नूरमोहम्मदने कपाळावर हात मारला. "अहो राव, मला तरी भूक लागलीय! मी कुठल्याच पक्षाचा न्हाई. पंक्चर काढणाऱ्यानं किती वेळ वाट बघायची?"

यशोदाबाई हसली नाही. तिने ज्योतीरामकडे पाहिले. "ज्योती, ही सगळ्या वाडीची टोपली हाय. ह्यात माझ्या दोन हायत. कंच्या, ते मी सांगणार न्हाई."

ज्योतीराम टोपलीकडे वाकला. मग त्याने वरची भाकरी बाजूला सारली, तिच्याखालचीही सारली, आणि एक काढली. कडेला जराशी जाड, मध्ये करपलेली. लहानपणी आई गेल्यावर चुलीपुढे बसलेल्या अकरा वर्षांच्या बहिणीने जशी थापली होती, तशीच. त्याने ती मोडली. अर्धी नूरमोहम्मदला दिली, उरलेल्या अर्धीतला तुकडा तोंडात घातला, आणि मान खाली घातली.

दत्तोबाने घरून आणलेल्या चटणीचे पान पुढे सरकवले. "समितीला कोरडं जात नसंल," तो पुटपुटला.

"दाजी," ज्योतीराम म्हणाला, आणि थांबला. शब्द सुटून गेला होता. आता तो समितीच्या नावावर टाकता येत नव्हता. "तिखट बेतानं केलंय अक्कानं."

"तिला सांगा तसं. मला कशाला?" दत्तोबा म्हणाला, पण त्याचा आवाज खरखरीत राहिला नव्हता.

तिघे जेवले. दुकानाबाहेरच्या मुंबई-पुणे रस्त्याने एक मालमोटार गेली आणि आढ्याची चाके आपापल्या जागी किंचित फिरून थांबली. यशोदाबाईने टोपली उचलली, पण ती निघाली नाही.

"मला तुमचं राजकारण कळत न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "पर येवढं सांगा. तुमी दोघं समितीत हायसा म्हणून आज हा जेवला. मतं पडली, मुंबई मिळाली, न् समितीचं काम सरलं, तर ह्यानं कुठं जेवायचं? इथंच, रस्त्यावर? का माझ्या चुलीपाशी?"

नूरमोहम्मद पंप पुसत राहिला. ज्योतीराम वर पाहत नव्हता. हातातला शेवटचा तुकडा त्याने तसाच धरून ठेवला होता.

दत्तोबा उठला, पागोटे सारखे केले, आणि बायकोच्या हातातून टोपली काढून घेतली. आजवर त्याने ती कधी उचलली नव्हती. ती काखेत धरून, ज्योतीरामला मानेनेच मागून येण्याची खूण करून, तो घरच्या, काळेवाडीच्या वाटेला लागला.